एकास दोन, दोन आणि सहा

अमरावती, नांदेड किंवा जळगावकडच्या एखाद्या महाविद्यालयातून निघालेला रसायनशास्त्राचा शोधनिबंध हाती घ्यावा आणि थेट आभाराच्या परिच्छेदाकडे जावं. मार्गदर्शक असतात, प्राचार्य असतात, आणि त्यांच्याच ओळीत पुष्कळदा एक दूरचं नाव असतं: सैफ, पंजाब विद्यापीठ, चंदीगड. महागडी विश्लेषण-यंत्रं एका ठिकाणी ठेवून देशभरातल्या संशोधकांना ती माफक शुल्कात वापरू द्यायची, यासाठी सैफ नावाची केंद्रं उभी राहिली. त्यांतलं एक पवईच्या आयआयटीत आहे, एक चंदीगडच्या सेक्टर १४ मध्ये. नव्यानं बनवलेल्या पदार्थाची चिमूटभर पूड कुपीत भरून, चिठ्ठी चिकटवून कुरियरनं चंदीगडला जाते आणि काही दिवसांनी एक कागद परत येतो. कागदावर कार्बन, हायड्रोजन आणि नायट्रोजन यांची शेकडेवारी असते. एवढंच. पदार्थाचं नाव नाही, आकार नाही, गुण नाही.

त्याच शहराची हद्द ओलांडून पंजाबच्या मोहाली जिल्ह्यात शिरलं की मुल्लानपूर लागतं. हल्ली त्याला ‘न्यू चंदीगड’ म्हणतात. आयपीएल पाहणाऱ्यांना ते पंजाब किंग्जच्या मैदानामुळे ठाऊक झालं. पण मराठी माणसाचा या गावाशी खरा धागा जुळतो तो परळमुळे. १९४१ साली मुंबईत सुरू झालेल्या टाटा मेमोरियलचं तीनशे खाटांचं होमी भाभा कर्करोग रुग्णालय इथे आहे. २४ ऑगस्ट २०२२ रोजी त्याचं उद्घाटन झालं. त्याआधी पंजाबातल्या कित्येक रुग्णांना उपचारासाठी राज्याबाहेर जावं लागे. भटिंड्यावरून बिकानेरकडे जाणाऱ्या एका पॅसेंजर गाडीचं नाव तर लोकांनी ‘कॅन्सर ट्रेन’च ठेवलं होतं.

अशा कोणत्याही कर्करोग रुग्णालयात सलाईनच्या स्टँडला लटकणाऱ्या बाटल्यांत एक जुनं, स्वस्त आणि कडक औषध असतं: सिस्प्लॅटिन. तोंडाचा, घशाचा, गर्भाशयमुखाचा, फुप्फुसाचा, वृषणाचा, अशा अनेक कर्करोगांत ते लागतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आणि भारताच्याही अत्यावश्यक औषधांच्या यादीत ते आहे. या औषधाची पूड चंदीगडच्या त्या यंत्रात टाकली तर काय कळेल आणि काय मुळीच कळणार नाही, यात रसायनशास्त्राची शंभरेक वर्षं सामावलेली आहेत.

शेकडेवारीवरून सूत्र काढणं हा अकरावी सायन्सच्या सुरुवातीच्या धड्यांतला भाग. मुलं त्याला ‘एम्पिरिकल फॉर्म्युला’ म्हणतात आणि सीईटीपुरता लक्षात ठेवतात. बांधकामावरच्या गवंड्याला तो न शिकता समजेल. गवंडी माल कालवताना ‘एकास सहा’ म्हणतो: सिमेंटचं एक घमेलं, वाळूची सहा. तो घमेली मोजतो, किलो नाही. आता समजा, घमेली मोजायला कुणी नव्हतं आणि हाती फक्त वजनकाट्याची पावती आहे: सिमेंट इतके किलो, वाळू इतके किलो. तर एका घमेल्यात सिमेंट किती किलो मावतं आणि वाळू किती, हे विचारून भागाकार करायचा. घमेली निघतात. मग लहान आकड्यानं दोघांना भागलं की पुन्हा ‘एकास सहा’ हाती येतं.

रसायनशाळेचा तराजूही वजनच सांगतो. अणू कुणी मोजून देत नाही. पण प्रत्येक मूलद्रव्याच्या घमेल्याचं वजन ठरलेलं आहे, त्यालाच अणुभार म्हणायचं. हायड्रोजनचा १.००८, नायट्रोजनचा १४.००७, क्लोरीनचा ३५.४५, प्लॅटिनमचा १९५.०८.

सोप्या पदार्थापासून सुरुवात करायची तर नाशिककडच्या द्राक्षबागेत जावं. बोर्डो मिश्रणासाठी शेतकरी एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि शंभर लिटर पाणी घेतो. मोरचुदाचे ते निळे खडे वाटतात कोरडे, पण त्यांच्या पोटात पाणी असतं. दहा ग्रॅम मोरचूद मंद आचेवर तापवत राहिलं की निळा रंग उडतो, पांढरी भुकटी उरते आणि तिचं वजन ६.३९ ग्रॅमच्या आसपास भरतं. गेले ते ३.६१ ग्रॅम पाणी. निर्जल कॉपर सल्फेटचा रेणुभार १५९.६, पाण्याचा १८.०२. भागाकार केला की एकीकडे ०.०४००, दुसरीकडे ०.२००३. म्हणजे एकास पाच. मोरचुदातल्या कॉपर सल्फेटच्या प्रत्येक एककामागे पाण्याचे पाच रेणू असतात, हे शाळेतल्या तराजूवर आणि स्पिरिटच्या दिव्यावर सिद्ध होतं. थंड झालेल्या पांढऱ्या भुकटीवर पाण्याचा थेंब टाकला की ती पुन्हा निळी होते, तो पोरांसाठी बोनस.

इथे एक खड्डा आहे आणि त्यात दरवर्षी नवी तुकडी पडते. गोव्याच्या खाणींतून निघणारं हेमटाइट घ्या. शुद्ध हेमटाइटात लोह ६९.९४ टक्के, ऑक्सिजन ३०.०६ टक्के. लोहाचा अणुभार ५५.८५, ऑक्सिजनचा १६. भागाकार येतात १.२५२ आणि १.८७९. लहानानं मोठ्याला भागलं की दीड. अणू अर्धा होत नाही, म्हणून घाईत असलेला विद्यार्थी दीडचे दोन करून टाकतो आणि चुकतो. दोन्हीकडे दुप्पट करायची: लोह दोन, ऑक्सिजन तीन. लोहाचंच दुसरं खनिज, मॅग्नेटाइट, त्याचा भागाकार १.३३ येतो, तिथे तिप्पट करावी लागते आणि उत्तर तीनास चार निघतं. हिशेबात दीड किंवा एक तृतीयांश दिसला की तो चूक नसतो, तो निरोप असतो.

आता सिस्प्लॅटिन. त्यात प्लॅटिनम ६५.०२ टक्के, क्लोरीन २३.६३, नायट्रोजन ९.३४ आणि हायड्रोजन २.०२ टक्के. ज्याच्या त्याच्या अणुभारानं भागलं की प्लॅटिनमला येतात ०.३३३३, क्लोरीनला ०.६६६६, नायट्रोजनला ०.६६६८ आणि हायड्रोजनला २.००४. सगळ्यांना ०.३३३३ नं भागायचं. प्लॅटिनम एक, क्लोरीन दोन, नायट्रोजन दोन, हायड्रोजन सहा. नायट्रोजन आणि हायड्रोजन हे अमोनियाच्या रूपात येतात हे ठाऊक असलं की आणखी सुटसुटीत होतं: एका प्लॅटिनममागे दोन क्लोरीन आणि दोन अमोनिया.

हे आकडे मिळवायला एकेकाळी घाम निघायचा. त्यातल्या त्यात प्लॅटिनम सोपं. पदार्थ मुशीत तापवत नेला की बाकी सगळं उडून जातं आणि करडा धातू मागे उरतो, तो तोलायचा. क्लोरीन पाण्यात क्लोराइडच्या रूपात सुटं करून चांदीच्या क्षारानं त्याचा पांढरा साका पाडायचा, वाळवून तोलायचा. हायड्रोजन जळून त्याचं पाणी होतं, ते शोषून घेऊन नळीचं वजन किती वाढलं ते पाहायचं. सेंद्रिय पदार्थातल्या कार्बनसाठी जर्मनीत गीसेनला युस्टुस लीबिखनं १८३१ साली काचेचे पाच फुगे एकमेकांना जोडून एक छोटं उपकरण बनवलं. फुग्यांत पोटॅशचं द्रावण, त्यातून जळलेला वायू बुडबुडत जायचा आणि कार्बन डायऑक्साइड तिथेच अडकायचा. या पाच फुग्यांमुळे विश्लेषण हे उस्तादांचं काम न राहता विद्यार्थ्यांच्याही हाताखालचं झालं. पुढे ऑस्ट्रियाच्या फ्रिट्झ प्रेगलनं हेच काम काही मिलिग्रॅमवर आणलं आणि त्यासाठी १९२३ चं नोबेल मिळवलं. चंदीगडच्या यंत्रात आज दोन-तीन मिलिग्रॅम पूड कथिलाच्या इवल्याशा डबीत बंद करून तापलेल्या भट्टीत ऑक्सिजनसोबत टाकतात. कथिल भडकतं, पदार्थ क्षणात जळतो, वायू वेगळे होऊन मोजले जातात.

नाजूक गोष्ट आहे ती हायड्रोजन. सगळ्यांत हलका, त्यामुळे टक्केवारीतली बारीकशी चूकही त्याच्या संख्येत मोठी होते. सिस्प्लॅटिनात २.०२ च्या जागी १.९२ मोजला गेला, तर सहाच्या जागी ५.७ येतात. उलट पूड नीट वाळवली नसेल आणि बाहेर कोकणातला आषाढ असेल, तर हायड्रोजन वाढूनच येणार. नव्या संयुगांचे निबंध छापणाऱ्या पत्रिका मोजलेला आणि हिशेबानं येणारा आकडा यांत ०.४ टक्क्यांहून जास्त फरक चालवून घेत नाहीत, हा संकेत उगाच पडलेला नाही.

एवढ्या काटेकोरपणे मिळवलेलं सूत्र किती तोकडं असू शकतं, हे सिस्प्लॅटिनच्या कुळकथेत दिसतं.

बर्लिनच्या हाइनरिश गुस्ताव माग्नुसनं १८२८ साली प्लॅटिनमच्या क्लोराइडवर अमोनियाची प्रक्रिया करून एक गडद हिरवा क्षार मिळवला. ‘माग्नुसचा हिरवा क्षार’ म्हणून तो प्रसिद्ध झाला. पुढे १८४४ च्या सुमारास मिकेले पेइरोने हा इटालियन तरुण गीसेनला लीबिखच्या प्रयोगशाळेत आला. तो शिकलेला डॉक्टर. माग्नुसचाच क्षार बनवायला तो बसला आणि हाती भलताच पिवळा पदार्थ लागला. विश्लेषण केलं, तर शेकडेवारी तीच. त्याच वर्षी फ्रान्समध्ये जूल रेझेनं वेगळ्या वाटेनं आणखी एक फिकट पिवळा पदार्थ काढला. त्याचीही शेकडेवारी तीच. तीन बाटल्या, तीन पदार्थ, विरघळण्याची रीत वेगळी, रंग वेगळे, आणि वजनकाट्यावर तिघांचं उत्तर एकच: एकास दोन, दोन आणि सहा.

असं काही असू शकतं हे तोवर नवं राहिलं नव्हतं. लीबिखनं चांदीचं फुल्मिनेट तपासलं होतं, जे हात लागताच स्फोट पावतं. फ्रीडरिश व्योलरनं चांदीचं सायनेट तपासलं होतं, जे शांत पडून राहतं. दोघांच्या टक्केवाऱ्या जुळल्या आणि लीबिखला वाटलं, व्योलर चुकला. व्योलर चुकला नव्हता. स्वीडिश रसायनज्ञ बर्झेलियसनं १८३० मध्ये या प्रकाराला नाव दिलं, ज्याला मराठीत समघटकता म्हणतात. भांडणातून सुरू झालेली लीबिख-व्योलर यांची ओळख पुढे जन्मभराची दोस्ती ठरली, ते वेगळं.

यासाठी प्लॅटिनमच हवं असं नाही. स्वयंपाकघरातल्या व्हिनेगरमधलं ॲसिटिक आम्ल, दह्याला आंबटपणा देणारं लॅक्टिक आम्ल, मधातलं ग्लुकोज आणि शवागारातल्या फॉर्मालिनमधलं फॉर्माल्डिहाइड. चौघांत कार्बन ४० टक्के, हायड्रोजन ६.७, ऑक्सिजन ५३.३. चौघांचं सूत्र एकच येतं: कार्बन एक, हायड्रोजन दोन, ऑक्सिजन एक. फरक पटीत आहे. फॉर्माल्डिहाइडचा रेणुभार ३०, ॲसिटिक आम्लाचा ६०, लॅक्टिकचा ९०, ग्लुकोजचा १८०. म्हणून शेकडेवारीच्या जोडीला रेणूचं एकूण वजन कळलं की कोण एकपट, कोण सहापट हे ठरतं. गवंड्याचा ‘एकास सहा’ माल विहिरीलाही लागतो आणि देवळालाही. किती घमेली लागली हे विचारल्याशिवाय उलगडा होत नाही.

पटीच्या या प्रश्नानं प्लॅटिनमचं कोडं अर्धं सुटतं. माग्नुसचा हिरवा क्षार सिस्प्लॅटिनच्या दुप्पट आहे. त्यात दोन प्लॅटिनम आहेत आणि त्यांनी वाटणी मोठी गमतीची केली आहे: एकानं चारही अमोनिया घेतले, दुसऱ्यानं चारही क्लोरीन. पहिल्या भागाचा विद्युतभार धन, दुसऱ्याचा ऋण. द्रावणात एकटा असताना पहिला रंगहीन, दुसरा लालसर. दोघं घन स्फटिकात एकावर एक रचले गेले की प्लॅटिनमवर प्लॅटिनम येऊन खांब तयार होतो आणि रंगहीन अधिक लाल मिळून हिरवं होतं. कुठल्याही रंगपेटीत न बसणारी ही बेरीज.

पण पेइरोनेचा आणि रेझेचा पदार्थ? त्यांची तर पटही एकच. दोघांचा रेणुभार ३००, दोघांत एक प्लॅटिनम. हे कोडं जवळपास पन्नास वर्षं पडून होतं. झुरिकच्या आल्फ्रेड वेर्नरनं १८९३ साली सांगितलं की प्लॅटिनमभोवतीचे चार सोबती एका सपाट चौकोनाच्या कोपऱ्यांवर बसलेले असतात. चौकोनात दोन क्लोरीन दोनच प्रकारे बसू शकतात: शेजारी-शेजारी किंवा समोरासमोर. पेइरोनेचा पदार्थ शेजारचा, रेझेचा समोरचा. कॅरम बोर्डभोवती दोन जोड्या बसवून पाहावं, तिसरी रीत सापडत नाही. वेर्नरला १९१३ चं नोबेल मिळालं. त्यानं चौकोन मांडल्याच्या पुढच्याच वर्षी, म्हणजे १८९४ मध्ये, रशियाच्या निकोलाय कुर्नाकोव्हनं दोघांना ओळखण्याची साधी चाचणी दिली: थायोयुरियाचं द्रावण घाला, शेजारचा पिवळे स्फटिक देतो, समोरचा पांढरे.

तोवर हे सारं विद्वानांचं कोडंच होतं. औषधाचा विचार कुणाच्या डोक्यातही नव्हता. मिशिगन स्टेट विद्यापीठात बार्नेट रोझेनबर्गला पाहायचं होतं की वाढणाऱ्या जिवाणूंवर विजेचा काय परिणाम होतो. विद्युतअग्र म्हणून त्यानं प्लॅटिनमच्या पट्ट्या वापरल्या, कारण प्लॅटिनम कशालाच दाद देत नाही असा समज. जिवाणूंचं विभाजन थांबलं. ते मरेनात, पण लांबतच गेले, मूळच्या तीनशे पटीपर्यंत. वीज निर्दोष निघाली. पट्ट्यांतलं प्लॅटिनम द्रावणातल्या अमोनियम क्लोराइडशी जुळत जुळत संयुगं बनवत होतं. १९६५ साली हे प्रसिद्ध झालं, १९६९ मध्ये उंदरांतल्या गाठींवर परिणाम दिसला आणि १९७८ च्या डिसेंबरात अमेरिकेत सिस्प्लॅटिनला मान्यता मिळाली. पेइरोनेचं ते पिवळं चूर्ण. डॉक्टरनं बनवलेलं औषध औषध ठरायला सव्वाशे वर्षांहून अधिक गेली.

ते का चालतं, हे चौकोनात दडलेलं आहे. रक्तात क्लोराइड भरपूर, म्हणून तिथे रेणू शाबूत राहतो. पेशीच्या आत क्लोराइड फार कमी; तिथे दोन्ही क्लोरीन सुटतात आणि मोकळ्या झालेल्या दोन शेजारच्या हातांनी प्लॅटिनम डीएनएच्या एकाच धाग्यावरच्या शेजारी-शेजारी असलेल्या दोन ग्वानिनना धरतं. डीएनए तिथे वाकतो, पेशीला त्याची नक्कल करता येत नाही. रेझेच्या पदार्थाचे हात एकमेकांच्या विरुद्ध दिशेला. त्याला ती पकड जमत नाही, आणि म्हणून तो औषध नाही. सिस्प्लॅटिन मिठाच्या सलाईनमध्येच चढवतात, तेही याच कारणानं: बाटलीतच क्लोरीन सुटून उपयोग नाही.

परळच्या टाटा मेमोरियलचा या औषधाशी संबंध केवळ वापरापुरता नाही. गर्भाशयमुखाच्या पुढच्या टप्प्यातल्या कर्करोगात नुसती ‘लाइट’ (म्हणजे किरणोपचार) पुरते की सोबत दर आठवड्याला सिस्प्लॅटिन द्यावं, हे तपासण्यासाठी तिथे २००३ ते २०११ या काळात ८५० स्त्रियांची चाचणी झाली. डॉ. श्याम श्रीवास्तव आणि सहकाऱ्यांनी २०१८ साली निष्कर्ष मांडले: पाच वर्षांनी जिवंत असलेल्यांचं प्रमाण नुसत्या किरणोपचारानं ४६ टक्के, सिस्प्लॅटिन जोडल्यावर ५४ टक्के. शंभरामागे आठ जणी जास्त. मात्रा शरीराच्या पृष्ठफळाच्या दर चौरस मीटरला ४० मिलिग्रॅम होती. दीड चौरस मीटरच्या बाईला ६०. त्यातलं प्लॅटिनम ६५ टक्क्यांच्या हिशेबानं ३९ मिलिग्रॅम. किडनीला ते सोसावं म्हणून आधी-नंतर सलाईनच्या बाटल्या, मळमळ थांबवायची इंजेक्शनं, आणि तरीही काहींच्या कानात घुमणारा आवाज उरतोच.

मुल्लानपूरच्या फार्मसीत पोचणारी सिस्प्लॅटिनची कुपी सहसा एका मिलिलिटरला एक मिलिग्रॅम, अशी भरलेली असते. अंधारात ठेवतात, फ्रीजमध्ये नाही, कारण थंडीत औषध खाली बसतं. ॲल्युमिनियमची सुई चालत नाही. तिच्यावर प्लॅटिनम काळं होऊन चढतं. कारखान्यातून निघण्यापूर्वी प्रत्येक घाणा तपासला जातो, आणि त्या तपासणीत मूलद्रव्यांची शेकडेवारी पुरेशी मानत नाहीत. घाण्यात चुकून सिस्प्लॅटिनचा भाऊ, म्हणजे रेझेचा पदार्थ, किती शिरला आहे, हे औषधकोशाच्या नियमानुसार द्रावण बारीक नळीतून जाऊ देऊन वेगळं मोजावं लागतं. शेकडेवारीच्या परीक्षेत तो भाऊ शंभरपैकी शंभर घेऊन पास होतो.